जोडाक्षरं दुसरीत असतात

माहूरकर गुरुजींनी शिवगंगाबाईंना ओळखलं नाही. सकाळच्या शाळेची घंटा व्हायला दोन-तीन मिनिटं होती. ते नातीचं बोट धरून पहिलीच्या दारात आले, तिच्या खांद्यावरची पाण्याची बाटली सारखी केली, हात जोडून "नमस्कार बाई" म्हणाले. आज आमच्या गल्लीत टँकर आलेला नाही, हिला पाणी जपून प्यायला सांगा, एवढं बोलले आणि काठी टेकत निघून गेले. शिवगंगाबाईंच्या हातात हजेरीपट होता. नमस्काराला त्यांचा हात आपोआप अर्धा वर गेला आणि तसाच राहिला. धोतर तेच, टोपी तीच, बोलताना शेवटचा शब्द थोडा लांबवायची सवय तीच. फक्त माणूस वाळून निम्मा झाला होता. तेरा वर्षं तिनं या भेटीची वाट पाहिली होती. गेल्या जूनपासून तर रोजच. चूल पेटवताना, पाण्याच्या रांगेत घागर पुढं सरकवताना ती वाक्यं जुळवायची, मोडायची, पुन्हा जुळवायची. पहिलं वाक्य ठरलेलं होतं: ओळखलं का गुरुजी? त्यानंतर त्याचा चेहरा कसा पडेल, ते तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं की ते घडूनच गेल्यासारखं वाटायचं. तोंडानं ती त्याला गुरुजी म्हणणार होती, मनात मात्र तेरा वर्षं अरे-तुरेच चालू होतं. आणि तो आला, तिच्या तोंडाकडे बघून हसला आणि टँकरचं बोलून गेला. कुणाच्या तरी घरात शिरून सगळी भांडी फोडावीत आणि पुढं ते घरच विसरून जावं, तसा.

मुलं आत येत होती. निम्मी उशिराच येणार हे ठरलेलं. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं, गंजगोलाईच्या मागच्या गल्ल्यांतसुद्धा साहेब लोकांनी भाड्यानं घरं घेतली होती, नव्या कचेऱ्यांच्या नव्या पाट्या दर महिन्याला लागत होत्या, आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. पहिलीतली सहा-सहा वर्षांची पोरं पहाटेपासून रांगेत घागर राखत बसून मग शाळेत यायची. शाळेची टाकी संक्रांतीलाच आटली होती. पाट्या पुसायला ओलं फडकं नाही म्हणून मुलं थुंकीनं पाटी पुसत. सुरुवातीला ती रागवायची, आता बघून न बघितल्यासारखं करायची. तिनं हजेरी घेतली. वर्गात सगळ्यांना ती नावानं हाक मारी; एकाच मुलीला ती "माहूरकर" म्हणायची. जूनमध्ये हजेरीपटावर ते आडनाव पाहिलं तेव्हा माहूरकर जगात काय थोडे आहेत, असं स्वतःला समजावत तिनं मुलीला जवळ बोलावून विचारलं होतं, आजोबांचं नाव काय गं. मुलगी कौतुकानं म्हणाली होती, रेणुकादास गुरुजी, ते पण शाळेत शिकवायचे, बिलोलीला. मुलीचे वडील वसंतराव नव्या जिल्ह्याच्या कुठल्याशा कचेरीत बदलून आले होते आणि म्हातारा मुलाबरोबर आला होता. शिवगंगाबाईंनी त्या दिवशी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. हात फिरवतानाच त्यांना कळलं की आपण या पोरीला काहीतरी करणार आहोत. काय, ते कळायला मात्र ऑगस्ट उजाडला.

तिनं मुलीला कधी मारलं नाही. कधी आवाज चढवला नाही. मोडलेली पेन्सिल बदलून दिली, ताप आला तेव्हा घरी पोचवलं. आईवडलांनी तक्रार करावी अशी बोट ठेवायला एकही जागा तिनं सोडली नव्हती. ऑगस्टमध्ये मुलांना स्वतःचं नाव लिहायला शिकवायचं असतं. पहिलीच्या वर्षातला तो सगळ्यात गोड आठवडा. पोर पाटीवर आपलं नाव काढतं आणि त्याच्याकडे असं बघतं की जणू पाटीतून कुणी त्याला हाक मारली. तिनं रुद्राणीला शिकवलं, गोदावरीला शिकवलं, हात धरून एकेकाला गिरवायला लावलं. माहूरकरांची पोर पाटी घेऊन समोर आली तेव्हा ती म्हणाली, तुझं नाव चंद्रप्रभा. त्यात जोडाक्षरं आहेत. जोडाक्षरं दुसरीत असतात. पोरीनं मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. बाई म्हणतात म्हणजे असेल. एवढंच. एवढ्यानं शिवगंगाबाईंच्या छातीत काहीतरी थंड, गोड उतरलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. मग ती चवच लागली. पोर दर पंधरा दिवसांनी पाटी घेऊन येई आणि ती तेच सांगे. एकदा पोर म्हणाली, "बाई, मल्लिकार्जुनच्या नावात पण जोडाक्षरं हायेत. त्याला शिकवलं तुम्ही." बाई हसून म्हणाली, तो मोठा आहे. मल्लिकार्जुन तिच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान होता. पोरीला ते माहीत होतं. त्या दिवसापासून तिनं मागणं सोडलं आणि नुसती बघत राहू लागली.

आज मात्र ती गोडी पुरेना. धडा चालू होता, मुलं एका सुरात "घर, नळ, फळ" वाचत होती, मागून कुणीतरी नळाला पाणी न्हाई म्हणालं आणि सगळी हसली, आणि शिवगंगाबाईंना त्या हसण्यातून बिलोलीजवळच्या त्या शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. बहात्तरच्या दुष्काळातलं ते वर्ष. ती वीस वर्षांची, पहिलीच नोकरी, उदगीरच्या कापड दुकानदार गुरुबसप्पांची शिकलेली मुलगी. मुलांना खायला सरकारी सुकडीची पोती यायची, ती वर्गाशेजारच्या खोलीत असायची. मोठे गुरुजी म्हणजे हा. त्यानं तिला खोलीची किल्ली दिली आणि म्हणाला, तुम्ही जबाबदार आहात बाई, तुमच्याकडेच असू द्या. तिला कोण अभिमान वाटला होता. किल्ली कमरेला खोचून ती दोन महिने मिरवली. रोज सुकडी वाटताना ओंजळी पुढं यायच्या, कुणाच्या ओंजळीत काही कमी पडू नये म्हणून ती हात झटकून सांडलेलं सुद्धा गोळा करायची. मग एके दिवशी तपासणी आली आणि सात पोती कमी निघाली. ती रविवारी उदगीरला गेली होती, तेव्हा गाडी आली होती, दुसऱ्या किल्लीनं गुरुजींनीच कुलूप काढलं होतं. हे गावातल्या दोघातिघांनी बघितलं होतं आणि तिला सांगितलं होतं, पण ते सगळं नंतर. त्या दिवशी तो फक्त म्हणाला, किल्ली बाईंकडे असते.

पुढचं ती आठवायची ते नेहमी एकाच जागेपासून. कचेरीची खोली, टेबलावर कोरा कागद. त्यानं मजकूर सांगितला, शुद्धलेखन घालतात तसा, सावकाश, शब्दाशब्दाला थांबून. माझ्या निष्काळजीपणामुळे. तिनं लिहिलं. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "जी दीर्घ, बाई." तिनं खोडून दीर्घ केली. मग खाली सही. मोठं प्रकरण करत नाही, पुढं दुसरीकडे नोकरी करता येईल, राजीनामा द्या आणि शांतपणे घरी जा, तो म्हणाला. तिच्याहीपेक्षा ते अप्पांना लागलं. गुरुबसप्पांना कुणीतरी उदगीरला जाऊन सांगितलं, ते पहिल्या एसटीनं आले, त्यांना वाटलं मुलीवर फौजदारी होणार. सगळ्या पेठेत ज्यांच्यापुढं लोक अदबीनं बोलायचे, ते अप्पा त्या खोलीत वयानं लहान असलेल्या माणसाच्या पायांपाशी वाकले आणि म्हणाले, गुरुजी, लेकराला सांभाळा. आणि त्यानं अप्पांना उठवलं, पाठीवर हात ठेवला, म्हणाला, मी आहे ना. शिवगंगा भिंतीला टेकून उभी होती. त्या हाताकडे बघत होती. परतीच्या एसटीत अप्पा एकदाच बोलले. कन्नडमध्ये, फार हळू, त्यांनी विचारलं, तू घेतली नव्हतीस ना? एवढा एक प्रश्न. अप्पा पुढं दुकानात बसायचे ते आतल्या बाजूला, पडद्यामागं. दोन वर्षांत गेले. माणसं अशीच जातात, कशानं गेले ते विचारायचं नसतं. पण तिला माहीत होतं ते कशानं गेले. त्यांना तिनं 'नाही' असं उत्तर दिलं होतं आणि ते त्यांनी ऐकलं होतं, पण विचारलं होतं हेही खरंच होतं.

छोट्या सुट्टीत मुख्याध्यापिका पार्वतीबाई दारात डोकावल्या. यंदा पुन्हा पहिलीतच कुणाला बसवायचं त्यांची नावं आज शाळा सुटायच्या आत द्या, म्हणाल्या. दोन-तीनच असतील ना? शिवगंगाबाई म्हणाल्या, बघते. आणि कागद पुढं ओढताना सकाळपासून अंगात जे नुसतं तापत होतं त्याला वाट मिळाल्यासारखं झालं. त्याला आपण आठवत नाही काय? ठीक. मग त्याच्या घरात वर्षभर रोज काहीतरी खुपत राहू दे. गुरुजींची नात पहिलीत नापास. सगळ्या नातेवाइकांत, सगळ्या कचेरीत. तोही विचारील मग, का? आणि ती शांतपणे नियम सांगेल. स्वतःचं नाव लिहिता येणे, पहिलीच्या तोंडी परीक्षेतलं पहिलंच कलम.

सुट्टी संपल्यावर तिनं मुलांना सांगितलं, आज एकेकानं फळ्यावर येऊन आपलं नाव लिहायचं. मुलं खूश झाली, खडू हातात मिळणार होता. रुद्राणीनं लिहिलं, तिचा 'द्रा' थोडा कोसळला, बाई म्हणाल्या चालेल. मल्लिकार्जुननं अर्धा फळा व्यापला. एकेक नाव झालं की ती पुसायची आणि पुढचं पोर यायचं. मग ती म्हणाली, माहूरकर. पोर उठली. पहिल्याच बाकावर, टेबलाजवळ बसायची ती. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. फळ्यापाशी जाऊन तिनं खडू हातात घेतला आणि उभी राहिली. शिवगंगाबाई त्या पाठमोऱ्या पोरीकडे बघत होती आणि तिला मोजता येईल इतकी स्पष्ट ती गोडी चढत होती. गळ्याशी आली होती. मागून कुणीतरी खुदकलं. हिला येत न्हाई, बाई. तिनं त्या पोराला गप्प केलं नाही. पोर चवड्यांवर उभी राहिली, हात लांबवला आणि लिहायला लागली. सावकाश, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर नीट काढत. लिहून झाल्यावर बाजूला सरकली. फळ्यावर लिहिलं होतं: शिवगंगा.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग मुलांनी ते एका सुरात वाचलं, जसं सगळंच वाचत असत, शि-व-गं-गा, आणि हसण्याचा लोट आला. हे तर बाईंचं नाव. पोर गोरीमोरी झाली. बाईंनी विचारलं, हे कुठून शिकलीस? ती म्हणाली, "तुमच्या डब्यावर हाय. मला येवढंच येतंय." टेबलावर स्टीलचा डबा होता, झाकणावर नाव घातलेला, अप्पांनी पहिली नोकरी लागली तेव्हा दिलेला. आठ महिने पोर त्याच्यासमोर बसली होती. कुणी शिकवलं नाही म्हणून जे समोर दिसेल ते गिरवत राहिली होती. शिवगंगाबाईंना फळ्याकडे बघवेना. तिचं नाव, वाकडं, थरथरतं, खाली ओघळलेलं. तिनं स्वतः वीस वर्षांची असताना त्या कागदाखाली काढलं होतं ते असंच दिसत होतं, तेव्हाही मागं कुणीतरी उभं होतं आणि वाट बघत होतं. तिनं डस्टर उचललं आणि खाली ठेवलं. पोर जागेवर जाऊन बसली आणि पाटी तोंडासमोर धरली. पाटीच्या मागं तिचे खांदे हलत होते, आवाज नव्हता. इथं थांबता आलं असतं. नंतर पुष्कळ वेळा शिवगंगाबाईंना वाटलं की इथं थांबता आलं असतं. पण तिनं यादीचा कागद घेतला आणि त्याच्यावर लिहिलं, कु. चंद्रप्रभा वसंतराव माहूरकर. सगळी जोडाक्षरं नीट काढली. पेन कागदात रुतत होतं.

साडेअकराला शाळा सुटली. मुलं उन्हात सांडली. पोर दप्तर भरून बाकावरच बसून राहिली, डोळे सुजलेले. थोड्या वेळानं काठीचा आवाज आला आणि म्हातारा दारात उभा राहिला. घामानं टोपीची कड काळी झाली होती. शिवगंगाबाई उठली. ठरलेलं पहिलं वाक्य तिला सापडेना. ती म्हणाली, "हिला पुन्हा पहिलीतच बसवावं लागेल. स्वतःचं नाव लिहिता येत नाही."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं नाही. तो फळ्याकडे बघत होता. ती अक्षरं त्यानं वाचली, खूप वेळ वाचली. मग म्हणाला, "मी तुम्हाला जूनमध्येच ओळखलं होतं. प्रवेशाला आलो तेव्हा वर्गाच्या दारावर नाव वाचलं."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तो दाराची चौकट धरून, शिक्षकाच्या त्या सावकाश पद्धतीनं बोलत राहिला. म्हणूनच तो आठ महिने फिरकला नव्हता, सूनच सोडायची, आज ती टँकरची वाट बघत रांगेत अडकली म्हणून नाइलाज झाला. सकाळी काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून टँकरचं बोलला. नात रोज संध्याकाळी पाटी घेऊन त्याच्याकडे यायची, आजोबा, माझं नाव शिकवा म्हणायची. तो म्हणायचा, बाई शिकवतील. बाई का शिकवत नाहीत ते त्याला कळत होतं. "म्हटलं, चालू द्यावं," तो म्हणाला. "तेवढ्यानं तुमचं मन निवत असेल तर निवू द्यावं. कुठंतरी फिटायला हवं होतं." हे तो नम्रपणे म्हणाला, आणि त्या नम्रपणात थोडं समाधानही होतं, आपल्याकडून एक भलं काम झाल्याचं.

शिवगंगाबाईंच्या कानात ऊन वाजायला लागलं. तिनं सहा महिने जपून, चाटून, पुरवून पुरवून घेतलेला सूड त्याला माहीत होता. त्यानं तो दिला होता. सात पोती त्यानं विकली आणि सही तिची घेतली. आता भोगायची वेळ आली, तर त्यानं पुन्हा एक पोर शोधली, आपल्याच घरातली, आणि पुढं केली. आणि ती पोर घेऊन इतके दिवस ती त्याचंच काम करत होती. तिला तेव्हाही एवढा राग आला नव्हता. त्या खोलीत ती फक्त भ्यालेली होती. ती म्हणाली, "तिला सांगा."

"काय?"

"काय झालं होतं ते. कुणी केलं, कुणावर घातलं. तिला सांगा. माझ्यासमोर."

"सहा वर्षांची आहे ती, बाई."

"सांगा, गुरुजी."

तो बाकाशेजारी आला आणि त्यानं सांगितलं. पळवाट काढली नाही, हे तिला मान्य करावं लागलं. लहान वर्गाला गोष्ट सांगतात तसं, छोट्या वाक्यांत. दुष्काळ होता, मुलांचा खाऊ होता, आजोबांनी तो विकला. विचारलं तेव्हा आजोबांनी बाईंचं नाव सांगितलं. बाईंनी काही केलं नव्हतं. बाईंच्या वडलांना फार वाईट वाटलं. पोर ऐकत होती. पण शिवगंगाबाईंना दिसत होतं की तिचं लक्ष त्या गोष्टीत नाही, ती मधेच कुठंतरी अडकली आहे. गोष्ट संपल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला माझं नाव लिहाया येतंय?"

"येतं, बाळ."

"सगळं? जोडाक्षरं पण?"

"सगळं."

"मग मी रोज मागत होते तवा?"

म्हाताऱ्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. पोरीनं दप्तर खाली ठेवलं, उठून उभी राहिली. तिचा चेहरा कोरडा झाला होता. ती म्हणाली, "आंगठे धरा."

म्हातारा कसनुसा हसला. शिवगंगाबाईंकडे पाहिलं, पोर आहे, म्हणणाऱ्या माणसाचं हसू. ती हसली नाही. हलली नाही. मग त्यानं काठी बाकाला टेकवली आणि खरंच वाकायला लागला. गुडघे वाकले, टोपी पडली, मधलं टक्कल उघडं पडलं. हात पिंढऱ्यांपर्यंत जेमतेम पोचले. तेरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते तिच्यासमोर घडत होतं, आणि ती डोळे भरून बघत होती, आणि त्यातला एकही क्षण तिला सोडायचा नव्हता. तेवढ्यात पोर म्हणाली, "नीट. गुडघे वाकवायचे न्हाईत." आवाज चढवलेला नव्हता, राग नव्हता, शेवटी थोडं हसूसुद्धा होतं, समजावल्यासारखं. तो आवाज शिवगंगाबाईंचा होता. रोज दहा वेळा याच वर्गात, याच चालीवर ती हे म्हणत असे, आणि पहिल्या बाकावर बसून ते कुणीतरी आठ महिने गिरवत होतं.

"पुरे," ती म्हणाली. "उठा गुरुजी."

म्हातारा उठला नाही. वाकलेल्या अवस्थेतच त्यानं मान कष्टानं वळवली आणि नातीकडे बघितलं. तिची परवानगी हवी होती त्याला. त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती, श्वासाचा आवाज येत होता.

"सोड त्यांना," शिवगंगाबाई म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच तिनं त्या मुलीला नावानं हाक मारली. "चंद्रप्रभा, सोड बाळ. म्हातारे आहेत."

चंद्रप्रभानं विचार केला. खरोखरच केला, घाई न करता.

"अजून न्हाई," ती म्हणाली. आणि मान वळवून बाईंकडे पाहू लागली.